कऱ्हेच्या काठचं एक गाव आणि २०४१ चं पाणी: पहिल्यांदा आराखडा करणाऱ्यांसाठी

ग्रामपंचायतीत पहिल्यांदा निवडून आलात, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत तुमचं नाव घातलं गेलं आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा पुढे सरकवला, तर पुढे काय होतं ते मी बऱ्याच गावांत पाहिलंय. रकाने भरतात, खाली सह्या होतात, फाइल पंचायत समितीत जाते आणि मार्चमध्ये टँकरचा प्रस्ताव लिहायला घेतला जातो. तक्ता भरणं वेगळं, पाण्याची सोय लावणं वेगळं. हा लेख दुसऱ्या कामासाठी आहे.

उदाहरणाला कऱ्हेचं खोरं घेते, कारण माझी वणवण तिथली. पुरंदर तालुक्यात गराड्याच्या बाजूला डोंगरात नदी सुरू होते, सासवडवरून खाली येते, जेजुरीजवळ नाझरे धरणात अडते, मोरगावच्या मयूरेश्वराशेजारून बारामतीत उतरते आणि सोनगावजवळ नीरेला मिळते. पश्चिमेला डोंगराकडे पाऊस बरा. पूर्वेला मोरगाव-सुप्याच्या पट्ट्यात पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष चांगलं गेलं म्हणतात. २०१८ च्या ऑक्टोबरात राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात पुरंदरही होतं आणि बारामतीही. त्याच्या पुढच्या सप्टेंबरात कऱ्हेला असा पूर आला की बारामतीत नदीकाठची माणसं रातोरात हलवावी लागली. वर्षभराच्या आत दोन्ही टोकं. अशा नदीच्या काठी ‘सरासरी’ धरून आखणी करणारा माणूस फसणारच.

माझं एकच सांगणं आहे, ते आधीच सांगून टाकते. आराखडा वाईट वर्षाचा करायचा, आणि त्या वर्षी कोणी किती सोडायचं ते चांगल्या महिन्यात ठरवायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: शीव पुसा, पाणलोट काढा

पाणी सातबारा बघून वाहत नाही. तलाठ्याकडचा गावनकाशा घ्या, पण त्यावर डोंगरधारा आणि ओढे काढा. पाऊस कुठल्या धारेवरून कुठल्या ओढ्यात उतरतो ते शिवारफेरीत चालून पाहा. शक्य असेल तर पावसातच चाला. ऐन सरीत तासभर फिरलं की नकाशा आपोआप कळतो. जुने गुराखी आणि मेंढपाळ सोबत असले तर आणखी उत्तम. कुठला ओढा दिवाळीला आटतो आणि कुठला होळीपर्यंत ओला असतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने सगळ्या महाराष्ट्राचे दीड हजारांच्या आसपास पाणलोट पाडलेले आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे. जिल्हा कार्यालयात जाऊन आपलं गाव कुठल्या क्रमांकात येतं ते विचारा. बऱ्याचदा निम्मं गाव एकात आणि निम्मं दुसऱ्यात निघतं.

इथे माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी एका गावाचा ताळेबंद मी महसुली क्षेत्रफळावर मांडला. आकडे छान जुळले, ग्रामसभेत टाळ्याही पडल्या. जानेवारीत विहिरी खाली गेल्या तेव्हा लक्षात आलं की गावाच्या वरच्या अंगाला शेजारच्या गावाने दोन वर्षांत मोठाल्या विहिरी आणि बोअर घेतले होते. पाणलोटाचा माथा त्यांच्याकडे, पायथा आमच्याकडे. माझ्या कागदात ते गावच नव्हतं. तेव्हापासून वरच्या आणि खालच्या गावाचे निदान दोन-दोन लोक पहिल्या बैठकीला बोलावल्याशिवाय मी पेन उघडत नाही.

पायरी २: पावसातलं तेविसावं वर्ष शोधा

महसूल मंडळनिहाय पावसाची नोंद तहसील कार्यालयात मिळते, कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरही अलीकडच्या वर्षांची सापडते. तीस वर्षांचे आकडे जमवा. सर्वांत जास्त पावसाचं वर्ष वर आणि सर्वांत कमीचं तळाला, अशी उतरंड लावा. वरून तेविसावा आकडा म्हणजे ढोबळमानाने ७५ टक्के भरवशाचा पाऊस: चारातल्या तीन वर्षांत निदान इतका तरी पडतो. शेतीचं गणित त्यावर मांडा. पिण्याच्या पाण्याला एवढा भरवसा पुरत नाही. चारातल्या एका वर्षी नळ कोरडा राहिला तर गाव तुम्हाला सोडणार नाही. पिण्यासाठी सत्ताविसावा-अठ्ठाविसावा आकडा धरा.

एक खबरदारी. मंडळाचं पर्जन्यमापक यंत्र तुमच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवर असू शकतं आणि पूर्व पुरंदरात एका वस्तीवर पाऊस अन् पलीकडच्या वस्तीवर धूळ हे नेहमीचं. शाळेच्या आवारात साधं पर्जन्यमापक बसवा आणि सातवी-आठवीच्या मुलांना रोज सकाळी साडेआठला नोंद करायला द्या. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नेटाने करतात. सुट्टीतही कुणीतरी येतंच.

पायरी ३: पडलेलं पाणी जातं कुठे

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर, म्हणजेच दहा हजार लिटर पाणी. एवढं पाठ असलं की बाकी गुणाकार मोबाइल करतो.

कागदावर एक गाव घेऊ. क्षेत्र १,२०० हेक्टर. वाईट वर्षाचा पाऊस ३५० मिलिमीटर. गुणाकार केला की ४२ लाख घनमीटर. आकडा ऐकून पहिल्यांदा सगळे खूश होतात. ‘एवढं पाणी आहे की!’ आहे, पण आपल्या हातात फार थोडं येतं. बहुतेक सगळं ऊन, माती आणि खरिपाची पिकं पिऊन टाकतात. ते वाया गेलं असं म्हणू नका. बाजरी त्याच्यावरच येते.

जमिनीत मुरतं किती? आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. भूजलाच्या हिशेबात झिजलेल्या, मुरमाड खडकात पावसाच्या साधारण ७ टक्के पाणी मुरतं असं धरतात. सच्छिद्र, सांधे-भेगा असलेल्या थरात १३ टक्क्यांपर्यंत. आणि अखंड पाषाणात जेमतेम एखादा टक्का. म्हणून एकाच गावात एका विहिरीला बारमाही पाणी आणि शंभर फुटांवर दुसरी कोरडी ठाक. नशीब वगैरे काही नाही, खडक वेगळा. आपल्या गावात सरसकट ७ टक्के धरू: २ लाख ९४ हजार घनमीटर. त्यातलं काही झऱ्यांनी ओढ्यात परत जातं, म्हणून वापरायला २ लाखच धरा.

वाहून जाणारं पाणी काढायला स्ट्रेंजचा तक्ता वापरतात. इंग्रज काळातला आहे, पण पाटबंधाऱ्याच्या माणसांच्या हाताशी अजूनही असतो. मध्यम पाणलोटात ५०० मिलिमीटर पावसाला ११ टक्क्यांच्या आसपास पाणी वाहतं, पण ३५० ला तेच ६ टक्क्यांवर येतं. पाऊस ३० टक्क्यांनी कमी झाला की टक्केवारीही निम्म्यावर येते, आणि ओढ्यात येणारं पाणी जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर. दुष्काळात बंधारे कोरडे का राहतात ते इथे कळतं. गावात नवा बंधारा मागायला उठणाऱ्याला हे गणित आधी दाखवा. वाईट वर्षी आधीचेच भरत नाहीत. त्यात आणखी एक बांधला तर खालच्याचं पाणी वर अडलं, एवढंच.

गावातले पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारे, सिमेंट नाला बंधारे यांचं साठवण मोजा, पण कागदावरचं नको. गाळ किती आहे, बर्गे (बंधाऱ्याच्या दारांच्या फळ्या) आहेत का, की कुणी गोठ्याला लावले, हे उभं राहून बघा. उदाहरणाच्या गावात वाईट वर्षी हाती लागणारं साठवण ५० हजार घनमीटर धरू.

हातात एकूण: अडीच लाख घनमीटर. हा आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा.

पायरी ४: विहिरीत डोकावा

वरचं सगळं अंदाजपंचे आहे. खरं काय ते विहीर सांगते. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा घेते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे त्यांच्या नोंदींशी ताडून बघता येईल. वरच्या, मधल्या आणि खालच्या शिवारात मिळून दहा-बारा विहिरी निवडा.

लागतं काय? लांब टेप, टोकाला बांधायला वजन, आणि वही. काठावर एक जागा रंगाने खूण करून ठेवा आणि दर वेळी तिथूनच मोजा, नाहीतर काठच वर-खाली असल्यामुळे फुटाभराचा फरक पडतो. वजन पाण्याला टेकलं की टेप सैल होतो; दोन-तीनदा वर-खाली करून खात्री करा.

माझी पहिली नोंद घेतली तेव्हा मी मोठ्या ऐटीत वहीत लिहिलं: ३४ फूट. विहिरीचे मालक, सत्तरी ओलांडलेले, कडुलिंबाखाली बसून बघत होते. म्हणाले, “ताई, मोटार कवा बंद केली ते इचारलं न्हाई तुमी.” मोटार पहाटे सहापर्यंत चालू होती. मी मोजत होते सकाळी नऊला. त्यांनी बाजेवरची चादर सारखी केली, मला चहा पाजला आणि म्हणाले, “बसा आता दुपारपातूर.” दुपारी दोनला पाणी सात फूट वर आलं होतं. ती सात फूट म्हणजे त्या विहिरीची आवक. पाच तासांत किती चढते हे कळलं की रोज किती उपसा सोसेल तेही कळतं. आता मी दोन्ही आकडे लिहिते: उपसून झाल्यावरची पातळी आणि विसावल्यावरची.

गावच्या नळयोजनेच्या विहिरीची अशी चाचणी मे महिन्यात करा. ऑक्टोबरात केलेली चाचणी म्हणजे लग्नाच्या दिवशी काढलेला फोटो.

पाण्याची तपासणीही याच फेरीत उरकून घ्या. गावाला मिळालेलं तपासणी किट बहुतेक ठिकाणी कपाटात सील न फोडता पडलेलं असतं. पावसाळ्याआधी आणि नंतर एकेकदा नमुना प्रयोगशाळेतही पाठवा.

पायरी ५: आजची गरज

जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर ठरवलेत. उदाहरणाच्या गावात आज २,४०० माणसं धरू. वर्षाला ४८ हजार घनमीटर. मोठ्या जनावराला रोज ५० लिटर, शेळी-मेंढीला ७ लिटर असं धरून ६०० मोठी आणि १,००० लहान जनावरं: साडेतेरा हजार घनमीटर. म्हणजे माणसं आणि गुरं मिळून ६२ हजार.

अडीच लाखातून ६२ हजार गेले, राहिले १ लाख ८८ हजार. ते शेतीला. आणि खरा वाद इथे आहे.

एक हेक्टर उसाला वर्षाला साधारण १८ हजार घनमीटर पाणी लागतं. अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी ४८ हजार. म्हणजे सात एकर ऊस आणि २,४०० माणसं सारखंच पाणी पितात. हे वाक्य ग्रामसभेत म्हणाल तेव्हा आवाज चढवू नका. समोर ऊसवाले बसलेले असतात, आणि ते चोर नाहीत; त्यांना भाव मिळतो म्हणून ते ऊस लावतात.

मी फळ्यावर असं लिहून दाखवते. उरलेल्या १ लाख ८८ हजारात आपल्याला यांपैकी एक काहीतरी जमतं: १२५ हेक्टर रब्बी ज्वारीला दोन-दोन पाणी, किंवा ३१ हेक्टर कांदा, किंवा १० हेक्टर ऊस. मग खडू बाजूला ठेवून गप्प बसते. पुढची अर्धा तास चर्चा गावच करतं.

पायरी ६: २०४१ ची गरज

नवखे लोक इथे एक सूत्र वापरतात आणि पुढे जातात. तुम्ही इथे रेंगाळा.

साल मी २०४१ घेते, कारण पंप-मोटारीचं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या आखणीत १५ वर्षं धरतात आणि जनगणनेची दशकं त्याच्याशी जुळतात. विहीर आणि मुख्य पाइपलाइन ३० वर्षांसाठी, धरण ५० वर्षांसाठी. म्हणजे आज टाकलेली पाइपलाइन तुमच्या नातवाच्या लग्नातही तीच असणार. तिचा व्यास काढताना काटकसर नको. मोटार मात्र बदलता येते.

लोकसंख्या दोन रीतींनी काढा. उदाहरणाचं गाव २००१ ला १,७०० आणि २०११ ला २,००० होतं असं धरू. दर दशकाला ३०० वाढले म्हणून तेवढेच वाढतील असं म्हटलं तर २०४१ ला २,९००. दशकाला साडेसतरा टक्के वाढ धरली तर सुमारे ३,२००. मी मोठा आकडा घेते. पण २०११ नंतर जनगणना झालेली नसल्यामुळे कुठलंही सूत्र जुन्या पायावर उभं आहे. म्हणून घरं मोजा. घरपट्टीची नोंदवही, शिधापत्रिका, अंगणवाडीतली मुलं, पहिलीचा पट, मतदारयादी. पाचही ताडून बघितले की गावाचा कल कळतो. काही वाड्या रिकाम्या होत चालल्यात, म्हातारा-म्हातारी आणि कुलूप. तर हमरस्त्यालगतच्या वस्तीत भाडेकरू मावत नाहीत.

डोकी वाढली तर पाणी वाढतं, पण त्याहून जास्त वाढ होते राहणी बदलल्याने. डोक्यावरून हंडा आणणारं घर काटकसर करतं. दारात नळ आला, आतमध्ये न्हाणीघर आणि शौचालय झालं, कपडे धुण्याचं यंत्र आलं, की तेच घर दुप्पट वापरतं. सासवड-जेजुरी रस्त्याकडेची गावं बघा: बंगल्यांचे प्लॉट, फार्महाउस, पुण्याहून शनिवार-रविवार येणारी कुटुंबं आणि त्यांची हिरवळ. हिरवळीला कुणी ५५ लिटरचा निकष लावत नाही. गटारयोजना असलेल्या शहराला माणशी १३५ लिटर धरतात. गाव शहरासारखं जगू लागलं की तेवढंच मागतं.

आता गणित. ३,२०० माणसं ५५ लिटरने: ६४ हजार घनमीटर. तीच माणसं १३५ लिटरने: १ लाख ५८ हजार. जनावरांचं जमेस धरलं की अडीच लाखातले शेतीला ७८ हजार उरले. आज १२५ हेक्टर ज्वारी भिजत होती, ती ५२ वर आली. आठशे माणसं वाढली म्हणून हे झालं नाही. नळाशी वागायची सवय बदलली म्हणून झालं. आणि यात पाइपलाइनची गळती अजून धरलेलीच नाही. निकषात १५ टक्के धरतात, गावात जाऊन बघा काय असतं.

यात्रा आणि वारी हा आमच्याकडचा खास भाग. जेजुरीला सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, लाखांनी माणूस येतो. आषाढीला ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे अशी जाते. ही गर्दी वर्षाच्या बेरजेत फारसं पाणी नेत नाही. लाख माणसं प्रत्येकी १५ लिटर म्हणजे १५ लाख लिटर, दीड हजार घनमीटर. एका हेक्टर उसाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. पण ते एका दिवसात लागतं. म्हणून वारीसाठी विहीर वाढवू नका. टाकी वाढवा, तोट्या वाढवा.

आणि सर्वांत कमी लिहिलं जाणारं: न सोडता येणारी मागणी. पुरंदरचं अंजीर आणि सीताफळ नावाजलेलं; अंजिराला २०१६ ला भौगोलिक मानांकनही मिळालं. फळबागेत पैसा आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. पण ज्वारीचं रान एक वर्ष पडीक ठेवता येतं, आठ वर्षांचं अंजिराचं झाड ठेवता येत नाही. दुष्काळात शेतकरी दागिने मोडून टँकर घेतो आणि झाड जगवतो. दर नव्या बागेबरोबर गावाच्या पाण्याची लवचिकता कमी होते. म्हणून तक्त्यात शेतीचे दोन रकाने करा: वाईट वर्षी सोडता येईल ते, आणि सोडता येणार नाही ते. दुसरा रकाना पिण्याच्या पाण्याला जोडून ठेवा आणि तो दर वर्षी किती फुगतो ते बघा.

शेततळ्याबद्दलही बोलायलाच हवं. पावसाचं वाहतं पाणी धरणारं शेततळं चांगलं. पण आमच्याकडे बरीचशी प्लास्टिक अस्तराची शेततळी विहीर-बोअर उपसून भरली जातात. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावतं. उन्हाळ्यापर्यंत वरचा एक मीटर थर उडाला तर आठ लाख लिटर गेलं. जमिनीत झाकून ठेवलेलं, सगळ्या गावाचं पाणी वर काढून एकाच्या मालकीचं केलं आणि तिसरा हिस्सा सूर्याला वाहिला. सरकारी अनुदान घेऊन.

पायरी ७: बाहेरून येणाऱ्या पाण्याचा भरवसा किती

या पायरीवर गावातला एखादा तरी म्हणतो, “एवढं कशाला मोजायचं, योजनेचं पाणी येणारच हाय.” कऱ्हेच्या खोऱ्यात बाहेरचं पाणी आधीपासून येतं. पुरंदर उपसा योजना पुण्याच्या खाली मुळा-मुठेतून पाणी उचलते. जनाई-शिरसाई योजना खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यावर चालते. सासवडला नीरेवरच्या वीर धरणातूनही पाणी आणावं लागतं.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. मुळा-मुठेतून येणारं पाणी शहराच्या पोटातून येतं. ते शेतीला, पिण्याला नाही, आणि त्यावर भिजणाऱ्या शिवारातल्या विहिरी वेगळ्या तपासा. दुसरं, उपशाला वीज लागते, विजेला पैसे, आणि आवर्तन नेमकं कधी येईल ते तुमच्या हातात नसतं. तिसरं, हे सगळं कृष्णेचं खोरं आहे. लवादाने राज्याराज्यांत पाणी वाटून दिलेलं आहे, बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) दिलं, आणि वरच्या खोऱ्यात त्यातला थेंबन् थेंब कुणाच्या तरी नावावर चढलेला आहे. त्यात आता जेजुरीची औद्योगिक वसाहत आहे, तालुक्यात विमानतळाचा प्रस्ताव आहे. नवे घेणारे रांगेत उभे राहणार, आणि ते तुमच्या ग्रामसभेपेक्षा चांगला अर्ज लिहितात.

म्हणून बाहेरचं पाणी आराखड्यात लिहा, पण वेगळ्या रंगाने. ते आलं नाही तर काय, या प्रश्नाचं उत्तर त्याच पानावर असू द्या.

पायरी ८: ऑक्टोबरची ग्रामसभा

पावसाळा संपला, विहिरींची ऑक्टोबरची मापं झाली, रब्बीची पेरणी अजून व्हायची आहे. वर्षातला हा दोन-तीन आठवड्यांचा काळ सोन्याचा. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात याच सुमारास पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि पाऊस कमी झाला असेल तर पिकं त्याप्रमाणे ठरतात. ऊस-केळी नको, शेतीसाठी बोअर नको, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. लोक तिथे सहली काढून जातात, चर बघतात, झाडं बघतात, फोटो काढतात. बघायचा असतो तो ठराव.

आणि लांब कशाला, आमच्याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. त्यांचं सूत्र सरळ होतं: पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मापाने. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस नाही. पन्नास वर्षांनंतर आजही हे सूत्र ग्रामसभेत मांडलं की पहिल्या रांगेत चुळबुळ होते.

तुमच्या गावात एवढं जमणार नाही, हरकत नाही. तीन पातळ्या तरी ठरवा. भिंतीवरचा आकडा आणि ऑक्टोबरची विहीर दोन्ही बरी असतील तर नेहमीसारखं. मधलं वर्ष असेल तर नवी ऊस-लागण नाही आणि रब्बीला दोनच पाणी. वाईट वर्ष असेल तर नळाच्या विहिरीभोवतीचा उपसा फेब्रुवारीपासून बंद, आणि ज्यांनी मोटार बंद ठेवली त्यांना गावाने काय द्यायचं तेही त्याच ठरावात. हे शेवटचं वाक्य विसरू नका. भरपाई न देता कुणी मोटार बंद करत नाही. फार तर रात्री चालवतो.

कायद्याचा आधार घ्या, पण शेवटी. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. १९९३ च्या कायद्यातही हेच होतं. नकाशावर ते वर्तुळ काढून ग्रामपंचायतीत लावा. बोअरची गाडी गावात शिरली की वर्तुळ बघून निदान फोन तरी येतो.

टँकरचा निकष माणशी रोज २० लिटर आहे. तो तुमचा तळ. त्याच्या खाली जायची वेळ येणार नाही एवढं पाणी विहिरीत मेअखेर राखून ठेवायचं, म्हणजे उदाहरणाच्या गावाला महिन्याला सुमारे दीड हजार घनमीटर.

पायरी ९: पैसे

हे थोडक्यात. योजना बंद पडते ती बहुतेक वेळा वीजबिलाने. वार्षिक वीजबिल, पंपचालकाचा पगार, क्लोरीन आणि दुरुस्ती यांची बेरीज करा, घरांच्या संख्येने भागा, आणि पाणीपट्टी त्याहून कमी ठेवू नका. वित्त आयोगाच्या निधीतला पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला भाग गावविकास आराखड्यात वेळेवर मागा. तारीख हुकली की वर्ष गेलं.

आणि मे

पहिला आराखडा चुकेल. माझा चुकला, तुमचाही चुकेल. मेच्या शेवटच्या आठवड्यात वही घेऊन त्याच दहा-बारा विहिरींवर परत जा. ऑक्टोबरात काय म्हटलं होतं आणि आता काय आहे, हे शेजारी शेजारी लिहा. फरक कुठे पडला ते मालकालाच विचारा. आणि हो, मोटार कधी बंद केली तेही.